संघटना, संगठना आणि नागोराव खजिनदार

घाटंजीला पारव्याच्या रोडवर एक जुनी जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, होती. तिथल्या हमालांनी आणि रेजांनी चौऱ्याण्णव साली आपली संघटना काढली. रेजा म्हणजे टोपल्यांनी कापूस वाहणाऱ्या बाया. बावीस हमाल, चोवीस रेजा, अशी शेचाळीस माणसं सरकीच्या पोत्यांवर बसली आणि सभा सुरू झाली. अध्यक्ष कोण हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जिनमधली सगळी यंत्रं एकदम घरघरत असताना बाबुलालनं नुसतं "दोन कट" म्हटलं, की रस्त्यापलीकडचा चहावाला दोन कट घेऊन निघायचा. असा भोंगा फुकटात मिळत असताना दुसरा कशाला शोधायचा?

खजिनदारावर मात्र सगळी दुपार गेली. एकाचं नाव आलं, तर त्याची बायकोच उठून म्हणाली, "त्याईच्या हाती देऊ नका बापा, मीच देत नाई." दुसऱ्याच्या घरी त्याच साली दोन लग्नं निघाली होती. तिसरा माणूस चांगला होता, पण त्याला सगळेच चांगला म्हणू लागले, त्यामुळे सभेला संशय आला. शेवटी सुखीबाई बोलली. सुखीबाई रेजांमधली सगळ्यात थोराड, आणि तिचं बोलणं म्हणजे शेवटची घंटा.

"नागोरावले करा ना," ती म्हणाली. "त्याच्या मुठीतून हवा निंगत नाई, पैसा कायले निंगन?"

सगळी सभा हसली. नागोरावही हसला, कारण त्याला ती तारीफ वाटली. आणि खरं सांगायचं तर ती तारीफच होती.

नागोराव हमाल होता, दहावी नापास. नापास गणितात, मराठीत त्याला सदुसष्ट मार्क होते आणि ते तो विचारल्याशिवायही सांगत असे. त्याची बिडी तीन वेळा पेटायची आणि दोन वेळा कानामागे जायची. यवतमाळला जायचं तर एसटीचं भाडं जिथं वाढतं त्याच्या एक थांबा अलीकडे उतरून तो उरलेला रस्ता चालत जायचा, आणि पोचल्यावर चपलेची झीज भाड्यातून वजा करून पाहायचा. पेपर न्हाव्याच्या दुकानात वाचायचा. न्हावी विचारी, "कटिंग?" नागोराव म्हणे, "विचार चालू हाय."

तर हा खजिनदार झाला. घरून पत्र्याची पेटी आणली, तिला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली. वर्गणी ठरली आठवड्याला दोन रुपये. शनिवारी मजुरी वाटली, की नागोराव फाटकाशी पोत्यावर बसायचा आणि प्रत्येकाची पावती फाडायचा. पावती लिहिताना तोंडानं म्हणायचा, "अक्षरी रुपये दोन फ-क्त." त्या 'फक्त'वर तो असा रेंगाळायचा, की देणाऱ्याला आपण फार कमी दिले असं वाटून लाज यायची.

यथावकाश नोंदणीचा कागद आला. त्यावर ठसठशीत छापलेलं होतं: 'कापूस जिन हमाल-रेजा कामगार संघटना, घाटंजी.' आता शिक्का पाहिजे. शिक्का करायला बाबुलाल यवतमाळला गेला. कागद सोबत न्यायचा राहिला, पण त्याची त्याला चिंता नव्हती. नाव तोंडपाठ होतं. दुकानात उभं राहून त्यानं आपल्या त्या आवाजात नाव सांगितलं. शिक्केवाल्यानं जे ऐकू आलं ते कोरलं. आणि बाबुलालच्या तोंडून काय, अख्ख्या जिनमध्ये कोणाच्याही तोंडून, हा शब्द एकाच प्रकारे बाहेर पडत असे.

शिक्का आला. 'कामगार संगठना, घाटंजी.' किंमत पस्तीस रुपये.

नागोरावनं तो पहिल्यांदा कागदावर मारला आणि त्याच्या सदुसष्ट मार्कांना ठेच लागली. कागदावर घ, शिक्क्यात ग. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. बाबुलाल खूश होता, शिक्क्याची शाई हाताला लावून सगळ्यांना दाखवत होता. नागोरावनं मनात हिशोब केला. नवा शिक्का म्हणजे आणखी पस्तीस. पस्तीस म्हणजे साडेसतरा माणसांची आठवड्याची वर्गणी. एका अक्षराची साडेसतरा माणसं! आणि अक्षर तरी कोणतं? ग जरा जोरानं म्हटला की घ होतो. इथं तर जोरानंच बोलतात सगळे.

त्यानं शिक्का पुसून पेटीत ठेवला. त्याच शिक्क्यानं बाजारातल्या बँकेत खातं उघडलं. तेव्हाचे साहेब पान लावत होते. शिक्का गोल आहे एवढं त्यांनी पाहिलं आणि सही केली.

पुढची अकरा वर्षं संघटनेचा पैसा कसा वाढला याचं गुपित एका ओळीत सांगता येतं. तो कोणाला मिळाला नाही.

कोणी काही मागितलं की नागोराव म्हणे, "ठराव आना." ठराव आणला की म्हणे, "सह्या पुऱ्या नाईत." सह्या पुऱ्या केल्या की तो ठरावातलं शुद्धलेखन तपासायला घेई. शिक्क्यातलं नाही, ठरावातलं. सत्त्याण्णव साली अवकाळी पावसानं कापूस काळा पडला, हंगाम दोन महिन्यांत आटोपला, तेव्हा बाबुलालला नागपूरहून मोठा पुढारी आणायचा होता.

"जीपचं पेट्रोल, जेवन, हार, माइक. हजारात काम होऊन जाते," बाबुलाल म्हणाला. "मजदूर में जान आ जाएगी!"

"तो पुढारी एसटीनं येत नाई का?" नागोरावनं विचारलं.

पुढारी एसटीनं येत नव्हता. मग पुढारी आलाच नाही. त्या साली खात्यातली शिल्लक पाच हजारांच्या वर गेली.

नव्व्याण्णव साली वर्गणी दोनाची तीन झाली, त्या दिवशी फाटकाशी मोठा कल्ला झाला. संघटना सगळी वर्षं एकाच गोष्टीसाठी ओरडत आली होती. जिनचा शेठ मजुरीतून या ना त्या नावानं पैसे कापायचा. टोपली तुटली, काप. उशीर झाला, काप. याला सगळे कटती म्हणायचे आणि 'कटती बंद करा' ही बाबुलालची लाडकी घोषणा.

"काहून रे नागोराव," सुखीबाईनं कमरेवर हात ठेवला, "शेठ कापते तं कटती, अन तू कापतं तं वर्गणी?"

"शेठ पावती देते का?" नागोराव म्हणाला.

तिनं पदराची गाठ सोडून तीन रुपये दिले. मग सत्यशीला पुढे आली. ही सातवी शिकलेली, भीमनगरातली, बोलायची कमी पण बोलली की पहिल्या वाक्यात मुद्दा. तिनं विचारलं, "नागोभाऊ, आमची मजुरी तुमच्याहून कमी. मंग वर्गणी बरोबर काहून?"

नागोरावनं तिच्याकडे मोठ्या अभिमानानं पाहिलं. "संगठनेत बाई-मानूस समान हाय, सत्यशीला. इथं भेदभाव चालत नाई."

दोन हजार दोन साली तीन दिवसांचा संप झाला. बाबुलालनं वीस झेंडे मागितले. नागोरावनं एक दिला, तोही आपल्या बायकोच्या लाल लुगड्यातला. शकुबाई तिन्ही दिवस फाटकाशी येऊन तो झेंडा कुठं अडकत तर नाही ना, हे पाहून जायची, कारण संप मिटल्यावर तिला तो परत शिवून घ्यायचा होता. संपात मजुरी दिवसाला तीन रुपये वाढली. बाबुलालनं त्याचं श्रेय आपल्या भाषणाला दिलं. नागोरावचं म्हणणं असं, की तीन दिवसांत संघटनेचा खर्च शून्य झाला, हे पाहून शेठ घाबरला.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो बँकेत जाऊन पासबुकात नोंद करून घ्यायचा. येताना वाटेत जो भेटेल त्याला आकडा सांगायचा, लोक पोराची इयत्ता सांगतात तसा. "एकोनीस हजार झाले." "सव्वीसात गेले आता." पैसे काढायच्या बाजूचा रकाना अकरा वर्षं कोरा होता. नागोराव तो कोरा रकाना उजेडात धरून पाहायचा आणि समाधानानं पासबुक मिटायचा.

मग ती जिन बंद पडली.

कापसाचे भाव पडले होते. गाड्या नव्या जिनांकडे वळल्या. तिथं यंत्रं नवी आणि माणसं निम्मी. आमच्या या शेठनं दोन हजार पाच सालच्या संक्रांतीनंतर फाटकावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावली आणि दुरुस्ती इतक्या मन लावून केली, की यंत्रं ट्रकात भरून कुठंतरी पाठवून दिली. हमाल आणि रेजा फाटकाबाहेर. यवतमाळला कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज गेला, तारखा पडू लागल्या. महिनाभर लोकांनी तुरी सोंगल्या, विटा वाहिल्या, मिळेल ते केलं. मग तेही संपलं.

फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली सभा भरली. सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द होता: फंड.

"ठराव आना," नागोराव सवयीनं म्हणाला.

ठराव आला. सत्यशीलानं लिहिलेला, शेचाळीस सह्या आणि अंगठे, खाली तारीख, शुद्धलेखन चोख. नागोरावनं तो वरून खाली वाचला, खालून वर वाचला.  त्यानं पासबुक उघडून आकडा वाचला: अडतीस हजार सहाशे बावन्न. शेचाळीस माणसांत वाटले तर आठशे चाळीस एकेकाला, वर बारा उरतात. सुखीबाईनं तो आठशे चाळीसचा आकडा परत एकदा म्हणायला लावला. दुकानदार तिला पंधरा दिवसांपासून ज्वारी देताना आधी तिच्या हाताकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी नागोराव आणि बाबुलाल बँकेत गेले. साहेब नवे होते, बदलून आलेले, तरुण. नाव मंदार. त्यांचं बोलणं इस्त्री केलेलं होतं आणि दर वाक्याच्या शेवटी 'नियमानुसार' असं बटण लावलेलं होतं.

"आपण संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र सोबत आणलंय का? वरून नवीन परिपत्रक आलंय. खातेदाराची ओळख पटवणं आवश्यक आहे, नियमानुसार."

नागोरावनं कागद दिला. साहेबांनी तो पाहिला. खात्याचं कार्ड पाहिलं. परत कागद पाहिला. अकरा वर्षं झोपलेलं ते एक अक्षर जागं झालं.

"प्रमाणपत्र 'संघटना' या नावाचं आहे," साहेब म्हणाले. "खातं 'संगठना' या नावाचं आहे. या दोन भिन्न संस्था झाल्या."

"भिन्न कायच्या, साहेब?" बाबुलाल म्हणाला, आणि बँकेतले सगळे दचकले. "एकच तं हाय. संगठना बोला की संगठना बोला!"

साहेबांनी दोन्ही वेळा नीट ऐकलं. "आपण दोन्ही वेळा 'संगठना'च म्हणालात."

"मंग अकरा वर्षं तुम्ही पैसे घेतले ते कोनाचे?" नागोरावनं विचारलं.

"भरणा कोणीही करू शकतो," मंदारसाहेब म्हणाले. "काढताना ओळख लागते. नियमानुसार."

मग त्यांनी उपायही सांगितला. माणूस वाईट नव्हता, फक्त सरळ रेषेत चालायचा. 'संगठना' या संस्थेनं सभा घेऊन 'संघटना' या संस्थेत विलीन होत असल्याचा ठराव करावा आणि आपली सर्व शिल्लक तिला द्यावी. खात्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी संगठनेच्या वतीनं सही करावी. घेणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष आणि खजिनदार मात्र वेगळे हवेत. "देणारा आणि घेणारा एकच, असं चालणार नाही."

पैसे न आणता दोघं परतले, आणि गावात जे व्हायचं ते झालं. संध्याकाळपर्यंत बातमी अशी होती, की बँकेत पैसेच नाहीत. दुसऱ्या दिवशी बातमीला पाय फुटले: नागोरावनं खाल्ले. तिसऱ्या दिवशी तिला पत्ताही मिळाला: नागोरावनं राळेगावला साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, नावानं प्लॉट घेतला. नागोरावला साळाच नव्हता, पण एवढा तपशील कोण पाहतं? पाणवठ्यावर शकुबाई गेली की बाया गप्प व्हायच्या, आणि बाया गप्प झाल्या हे शकुबाईला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

"तुम्ही खाल्ले असतीन तं सांगून द्या," ती एका सकाळी भाकर थापता थापता म्हणाली. "मी कोनाले सांगत नाई. फक्त घरात काहून आले नाईत तेवढं सांगा."

नागोरावनं घास परत ताटात ठेवला. अकरा वर्षं त्यानं संघटनेच्या पैशाचा चहाही घेतला नव्हता. संघटनेची शाई सांडली तर त्यानं ती बोटानं टिपून परत दौतीत घातली होती. आणि आता घरातल्या बाईला संशय आला तो चोरीचा नाही. चोरी करून घरी न आणल्याचा.

विलीनीकरणाचं सत्यशीलाला एकदा सांगितलं आणि समजलं. "अस्सं हाय तं आपनच दोन होऊ," ती म्हणाली. "नागोभाऊ अन बाबुलालभाऊच्या सह्या खात्यावर हायेत, तं ते संगठनेत. आमी बाया संघटनेत. सुखीबाई अध्यक्ष, मी खजिनदार. तुम्ही आमच्यात विलीन व्हा, पैसे द्या, आमी सगळ्याईले वाटतो."

सोपं होतं. दोन दिवस सगळं सोपं होतं. बाया घ झाल्या, माणसं ग झाली, आणि लोक गमतीनं एकमेकांना तसंच बोलवू लागले. रेजांमधल्या मानीबाईनं तर आपल्या हमाल नवऱ्याला भर रस्त्यात विचारलं, "तुमची मानसं आमच्यात येऊन राह्यली खरी, पन कोनाची वर्गणी थकली तं नाई ना? थकबाकीवाले आमी घेत नाई." नवरा म्हणाला, "तुमची संघटना काल झाली, आमची चौऱ्यान्नवची हाय." हसता हसता त्या दोघांची अशी जुंपली, की शेजारच्यांना मधे पडावं लागलं.

मग बाबुलालच्या डोक्यात उजेड पडला. तो कडुलिंबाखाली आला आणि त्यानं कंठ साफ केला. रस्त्यापलीकडचा चहावाला सवयीनं उठून उभा राहिला.

"एक सवाल हाय," बाबुलाल म्हणाला. "विलीन झाल्यावर संगठना राह्यते का?"

"नाई," सत्यशीला म्हणाली.

"मंग मी कायचा अध्यक्ष?"

 मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "माजी."

झालं. "मजदूर का सौदा हो रहा है!" बाबुलाल गरजला. "बाबुलाल बिकनेवाला नहीं है! मी सही करत नाई. पयले या नागोरावले पुसा, पैसे हायेत का? का हे विलीन-फिलीन सगळं झाकाझाकीचं नाटक हाय?"

शेचाळीस माणसांतली चव्वेचाळीस तोंडं नागोरावकडे वळली. दुकानदार सुखीबाईच्या हाताकडे पाहायचा, तसंच ते सगळे पाहत होते. नागोरावला कळलं, की आता पासबुक दाखवून भागणार नाही. पासबुक ते तीनदा पाहून गेले होते. आकड्यावर लोकांचा विश्वास होता. माणसावरचा उडाला होता.

तो उठला. टोपी काढली, परत घातली.

"पैसे हायेत," तो म्हणाला. "पन चूक माही हाय. ते अक्षर मले मालूम व्हतं."

"कोनतं अक्षर?" सुखीबाईनं विचारलं.

"शिक्क्यातलं. बाबुलालनं ग सांगतला, त्यानं ग कोरला. मी त्याच दिवशी पाह्यलं. नवीन शिक्क्याले पस्तीस रुपये लागत व्हते." त्यानं पायानं माती सारखी केली. "म्हटलं, कायले."

 मग सुखीबाईनं हळूच विचारलं, "म्हंजे तू खाल्ले नाई?"

"नाई."

"पस्तीस रुपये वाचवाले गेलता?"

"हो."

"अन त्याच्यापायी आमचे अडतीस हजार अडकले?"

"अडतीस हजार साशे बावन्न," नागोरावच्या तोंडून गेलं.

सुखीबाईनं कपाळाला हात लावला. "मायबाई! आन मी पंधरा दिवस म्हनून राह्यलो, यानं खाल्ले. अरे, खाल्ले असते तं बरं व्हतं ना बापा. कोनाच्या तरी पोटात गेले असते!"

आधी मानीबाई हसली. मग तिचा नवरा, जो तिच्याशी दोन दिवस बोलत नव्हता. मग सगळे. नागोराव मात्र हसला नाही. ही तारीफ नव्हती, हे त्यालाही कळलं.

बाबुलाल तेवढा गंभीर राहिला. "म्हंजे गलती माह्या तोंडाची व्हती?" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज फक्त समोरच्यालाच ऐकू आला. "अन अकरा वर्षं तू मले सांगतलं नाई?"

"तुले सांगतलं असतं तं तू दुसरा शिक्का आनला असता."

हे इतकं खरं होतं, की बाबुलाल मान खाजवू लागला. सत्यशीलानं ती फट पाहिली आणि बोट घातलं. "बाबुलालभाऊ, विलीन होनाऱ्याचा अध्यक्ष सभेत मधात बसते. सत्कार त्याचाच होते. ठरावात मी 'संस्थापक अध्यक्ष' लिहून राह्यलो. संस्थापक माजी होत नाई."

बाबुलालनं 'संस्थापक अध्यक्ष' दोनदा ओठांवर फिरवून पाहिलं. चव बरी लागली. "हार राहीन का?"

"राहीन."

"कोनाच्या पैशानं?"

परत सगळी तोंडं वळली. या वेळी कोणी बोट दाखवायचीही गरज नव्हती. नागोरावनं करदोट्याची किल्ली चाचपली, मग बंडीचा खिसा चाचपला. आठवडी बाजारात हारवाल्यानं चाळीस सांगितले. नागोरावनं अर्धा तास घातला, मधला गोंडा काढायला लावला आणि तीस देऊन हार आणला. स्वतःचे तीस रुपये. घरापर्यंतच्या वाटेत त्यानं बिडी पेटवलीच नाही.

विलीनीकरण रविवारी झालं. एका सतरंजीवर संगठना बसली, दुसरीवर संघटना. बाबुलाल मधल्या खुर्चीवर, गळ्यात बिनगोंड्याचा हार. सत्यशीलानं ठराव वाचला: "संगठनेचे खजिनदार श्री. नागोराव हे संघटनेच्या खजिनदार श्रीमती सत्यशीला यांना संपूर्ण शिल्लक स्वखुशीने सुपूर्द करीत आहेत." 'स्वखुशीने'वर दोन्ही सतरंज्या खोकल्या. बाबुलालनं संगठनेच्या अंतिम क्षणांवर वीस मिनिटं भाषण केलं. शेवटी त्यानं हाराच्या टोकानं डोळे पुसले, दोन-तीन बायांनीही पदर डोळ्याला लावला. मग सह्या झाल्या. बाया सतरंजी ओलांडून आल्या, माणसं ओलांडून गेली, आणि थोड्या वेळात कोण कोणत्या संस्थेतलं होतं, हे कोणालाच आठवेना.

मंदारसाहेबांनी ठराव तीनदा वाचला. एकही चूक सापडली नाही. "वा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच 'नियमानुसार' म्हणायचं विसरले.

बुधवारी कडुलिंबाखाली वाटप झालं. बारा रुपये नव्या खात्यात ठेवून सत्यशीलानं एकेकाचं नाव पुकारलं: पाचशेची एक, शंभराच्या तीन, विसाच्या दोन. सुखीबाईनं पैसे तीनदा मोजले. मग लुगड्याच्या गाठीत बांधता बांधता थांबली, गाठ परत सोडली आणि वीसची नोट सत्यशीलासमोर धरली.

"वर्गणी घे."

"आता कायची वर्गणी, सुखीबाई? जिन बंद हाय."

"केस तं चालू हाय ना? तारखेवर यवतमाळले जाच्या तिकिटाचे पैसे कोन देईन, शेठ?"

आणि मग तिच्यामागे रांग लागली. कुरकुरत, एकमेकांना कोपरखळ्या मारत, पण रांग लागली. बाबुलालनं हार घालूनच पैसे भरले. नागोरावनं आपले आठशे चाळीस बंडीच्या आतल्या खिशात घातले होते. तो फाटकाच्या खांबाला टेकून बराच वेळ रांगेकडे पाहत राहिला. मग तोही रांगेत लागला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच पावती फाडणाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. त्यानं वीसची नोट दिली.

"सुटे नाईत, नागोभाऊ," सत्यशीला म्हणाली. "सहा हप्त्याची जमा करू का?"

"सहा त्रिक अठरा," नागोराव म्हणाला. "दोन रुपये उरते माहे."

तिनं पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला "या" म्हटलं. नागोराव बाजूला सरकला, पण गेला नाही. रांगेतलं कोणीतरी सुटे पैसे घेऊन येईल या आशेनं तो शेवटचा माणूस होईपर्यंत तिथंच उभा होता, एकेकाच्या मुठीकडे पाहत.